मुलांच्या हातांची ओळख

उन्हे उतरल्यावर गावकऱ्यांनी एकत्र बसावे आणि कोणीतरी अभ्यासलेला विषय ऐकावा, ही वसंत व्याख्यानांची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात घातली. या व्यासपीठावर सहसा विद्वान मंडळी येतात. आम्ही विद्वान नाही. आमचे शाळेचे शिक्षण दहावीच्या उंबरठ्यावर थांबले. पुढे जे काही झाले ते कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. अशा माणसाने शिक्षणावर बोलावे काय, अशी शंका कोणास आली तर ती रास्त आहे. आमचे उत्तर एवढेच की, शाळेतून निघालेला मुलगा ज्या दारातून कामाला शिरतो त्या दारात आम्ही गेली तीस वर्षे उभे आहोत. शाळेने त्याला काय दिले आणि काय द्यायचे राहिले, हे तेथे पहिल्या आठवड्यातच कळते.

आजचा विषय असा आहे. सहावी, सातवी आणि आठवी या तीन इयत्तांत मुलांना चित्र, संगीत, नाट्य, शिवण, सुतारकाम, वीज, संगणक अशा कलांचे व तंत्रांचे तास मिळावेत काय? मिळाले तर ते कसे असावेत? आणि त्यांतून आपल्या आवडीचे निवडण्याची पाळी मुलावर केव्हा यावी? हे तास म्हणजे अभ्यासातून उरलेल्या वेळाची करमणूक, असे पुष्कळांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. त्याचे कारण सांगताना थोडे स्वतःविषयी बोलावे लागेल, त्याबद्दल क्षमा असावी.

साबणाची वडी

आम्ही कारखान्यात लागलो ते हेल्पर म्हणून. लेथवरच्या मिस्त्रींना लोखंडाचे तुकडे आणून द्यायचे, लोखंडाचा कीस झाडायचा, तेलाचा डबा भरायचा. मिस्त्रींच्या समोर एक कागद टाचलेला असे. त्यावर एकाच वस्तूची तीन चित्रे असत. एक समोरून, एक वरून, एक बाजूने. ही तीन चित्रे मनात एकत्र जोडून पुरी वस्तू डोळ्यांपुढे उभी करता आली, तर माणूस मशीनवर जाई. नाही आली, तर तो हेल्परच राही. आम्हाला ती उभी करता येईना. आमच्या शाळेत चित्रकलेचा तास वेळापत्रकात होता, पण त्या तासाला गणित उरकले जाई.

दोन वर्षे अशी गेली. मग एका वडीलधाऱ्या मिस्त्रींनी जेवणाच्या सुट्टीत धुण्याच्या साबणाची एक वडी घेतली, चाकूने तिचा एक कोपरा पायरीसारखा कापला आणि आमच्या हातात दिली. म्हणाले, "हिला समोरून बघ, दिसेल तेवढेच काढ. आता वरून बघ, दिसेल तेवढेच काढ." आम्ही काढले. मग त्यांनी वडी खिशात घातली आणि म्हणाले, "आता कागदावरून वडी सांग." पंधरा दिवसांत आम्ही कागद वाचू लागलो. वर्षाने मशीनवर गेलो. पगारात फरक पडला, पण त्याहून मोठा फरक असा पडला की वरचे साहेब आमच्याशी बोलताना कागदावर बोट ठेवून बोलू लागले.

साबणाची ती वडी आमच्या हातात बाराव्या वर्षी यायला हवी होती, ती एकविसाव्या वर्षी आली. मधली नऊ वर्षे कोणी चोरली असे आम्ही म्हणत नाही. पण ज्यांच्या वाट्याला असे मिस्त्री आले नाहीत, असे किती तरी सोबती हेल्पर म्हणूनच निवृत्त झालेले आम्ही पाहिले. त्यांची बुद्धी कमी नव्हती. त्यांच्या बुद्धीला हातांची वाट कोणी दाखवली नव्हती.

कलेच्या शाळेतून निघालेला नांगर

कला वेगळी आणि तंत्र वेगळे, असे आपण धरून चालतो. पण आपल्याच भागाचा इतिहास निराळे सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे दोनएक वर्षांत असे आढळले की त्यांना काही रंगांतला भेद नीट कळत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्याला याहून मोठा धक्का कोणता? पण रंग सुटले तरी रेघ हातात होती. त्यांनी यंत्रांचे आरेखन शिकण्याकडे मोर्चा वळवला आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. नंतर बेळगावला सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर, कुंडल रोड स्टेशनजवळ, त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. ही जागा देणारे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते, हा योगही लक्षात ठेवण्याजोगा आहे. औंधच्या टेकडीवरील त्यांचे चित्रसंग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

दुसरे नाव दादासाहेब फाळक्यांचे. तेही १८८५ च्या सुमारास जे. जे. कलाशाळेत शिकले. तेथून बडोद्याच्या कलाभवनात गेले. महाराज सयाजीरावांनी १८९० साली काढलेल्या या संस्थेत चित्रकला आणि कारागिरी एकाच छपराखाली शिकवली जात असे. फाळके चित्रकला शिकले, छायाचित्रण शिकले, छापखान्याच्या कामात मुरले, आणि १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. चित्रपटाचा कॅमेरा चालवणे, फिल्म धुणे, पडदे रंगवणे आणि गोष्ट सांगणे ही चार कामे एका माणसाला जमली, कारण त्याने तरुणपणी एकाहून अधिक कामांना हात लावून पाहिला होता.

या दोघांच्या चरित्रांवरून प्रत्येक मूल कारखानदार होईल किंवा चित्रपट काढील, असे कोणी समजू नये. आमचा मुद्दा लहान आहे. लक्ष्मणरावांना रंग साधत नाहीत हे रंग हातात घेतल्यावरच कळले, आणि रेघ साधते हेही रेघ मारल्यावरच कळले. घरी बसून, वडिलांना विचारून किंवा गुणपत्रक पाहून ते कळले नसते. आवड आणि गती या गोष्टी मुलाच्या कपाळावर लिहिलेल्या नसतात. त्या काम करताना उघड्या होतात.

जुने प्रयत्न का सुकले

हा विचार नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा फुल्यांनी, ज्यांचे मूळ गाव आपल्या सातारा जिल्ह्यातील कटगुण, प्राथमिक शाळेत मोडी, बालबोध आणि हिशेब यांबरोबर शेतीचेही प्राथमिक ज्ञान द्यावे अशी मागणी केली होती. १९१९ साली आपल्या शेजारच्या कराड तालुक्यातील काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. भाऊरावांनी त्याआधी ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर गावोगाव फिरून विकले होते. कारखान्यातली वस्तू आणि शेतातला माणूस या दोहोंशी त्यांचा परिचय होता. साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका चुलीवर स्वयंपाक करीत, शेतात खपत आणि शिकत. 'कमवा व शिका' या तत्त्वावरचे महाराजा सयाजीराव हायस्कूल त्यांनी १९४० साली साताऱ्यात काढले. तेथे हाताचे काम ही गरिबाची लाज नव्हती, सर्वांचा नेम होता.

१९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी बोलावलेल्या परिषदेतून नई तालीम निघाली. तिच्या पोटी आपल्या प्राथमिक शाळांना 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' हे नाव मिळाले. अजूनही काही गावांत शाळेच्या कमानीवर ते वाचायला मिळते. टकळी आली, सूत आले, बागकाम आले. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य हे लांब नाव दिले. नावे बदलत गेली, वेळापत्रकात चौकट राहिली, पण चौकटीतला जीव गेला. आज बऱ्याच ठिकाणी कार्यानुभवाची वस्तू बाजारातून विकत येते किंवा आई रात्री जागून करते, आणि श्रेणी मुलाच्या नावावर पडते. मुलाने त्यातून एकच गोष्ट शिकलेली असते: काम न करता कामाचे गुण कसे मिळवावेत.

असे का झाले? आमच्या समजुतीप्रमाणे कारणे तीन. पहिले, सगळ्यांना वर्षानुवर्षे एकच काम दिले. सूत कातायचे तर सर्वांनी सूतच कातायचे. दुसरे, कामाला हत्यार, माल आणि जाणता शिक्षक लागतो, हे सरकारने कागदावर मानले, पण अंदाजपत्रकात मानले नाही. तिसरे कारण नाजूक आहे. ते स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे.

बापाचा धंदा की मुलाची निवड

१९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शिक्षणाची एक योजना आणली. मुलांनी दिवसातील काही तासच शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात घरच्या धंद्यात बापाच्या हाताखाली शिकावे, असे तिचे स्वरूप होते. लोकांनी तिला कुलशिक्षण म्हटले. चांभाराच्या मुलाने चांभारच राहायचे आणि वकिलाच्या मुलाने वकील व्हायचे, हाच हिचा अर्थ, असे म्हणून पेरियार आणि त्यांच्याबरोबरच्या अनेकांनी मोठे आंदोलन उभारले. १९५४ साली राजाजींना पद सोडावे लागले आणि कामराज यांनी ती योजना रद्द केली.

हे भय खरे होते आणि ते अजून गेलेले नाही. आपल्या पाटण तालुक्यात तर ते घरोघर आहे. येथल्या डोंगरातून पिढ्यान् पिढ्या माणसे मुंबईला गेली आणि पाठीवर पोती वाहू लागली. त्यांचे पुढारी अण्णासाहेब पाटील हे आपल्याच मंद्रुळकोळ्याचे. त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला आणि ओझे वाहणाऱ्या माणसाला नोंद, ठरलेली मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळाला. आम्ही चळवळीतली माणसे या कायद्याकडे मानाने पाहतो. पण त्या माथाडी बापाला विचारा, मुलाने काय व्हावे? तो म्हणेल, काहीही होवो, हाताचे काम नको. शाळेत मुलाच्या हाती रंधा दिसला की त्याच्या पोटात गोळा येतो. आमचे आयुष्य गेले तसे याचेही जाणार की काय, असे त्याला वाटते. त्याला अडाणी म्हणणारा माणूस स्वतः कधी पोते उचलून आलेला नसतो.

या बापाला आमचे सांगणे असे. ओझे आणि कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओझे माणसाला वाकवते आणि तिथल्या तिथे ठेवते. कौशल्य त्याला एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्याची मुभा देते. पण ही मुभा मिळण्यासाठी एक अट आहे. शाळेतील हाताचे काम गरिबाच्याच मुलाला दिले तर ती राजाजींची योजना झाली. वकिलाच्या, डॉक्टरच्या, सावकाराच्या आणि माथाडीच्या मुलाला एकाच बाकावर, एकच कानस आणि एकच कुंचला आळीपाळीने दिला, तर ते शिक्षण झाले.

मुलींची गोष्ट याहून वेगळी नाही. शिवण मुलींना आणि सुतारकाम मुलांना, ही वाटणीही कुलशिक्षणाचीच बहीण आहे. जपानने १९५८ च्या अभ्यासक्रमात माध्यमिक शाळेत मुलांना तंत्र आणि मुलींना गृहकाम अशी वाटणी केली होती. १९८९ च्या अभ्यासक्रमाने ती मोडली आणि दोन्ही विषय सर्वांना केले. फिनलंडने हस्तव्यवसायाला लोकशाळेत स्थान दिले ते १८६६ इतक्या जुन्या काळी. आज तेथे मुलगे शिवतात आणि मुली करवत चालवतात, त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

एवढ्यावरून आमचे मुख्य म्हणणे निघते. निवडीचा अधिकार मुलाला जरूर द्यावा, पण आधी सर्व गोष्टींची चव द्यावी. चव न देता सहावीच्या मुलापुढे यादी ठेवली आणि निवड म्हटले, तर तो स्वतःची आवड निवडीत नाही. घरात जे पाहिले ते निवडतो. मग डॉक्टरची मुलगी संगणक घेते, सुताराचा मुलगा सुतारकाम घेतो, गरिबाची मुलगी शिवण घेते, आणि शाळा म्हणते, त्यांनीच निवडले. अशा निवडीत स्वातंत्र्य नावापुरतेच असते.

पाबळचा अनुभव

हे घडू शकते याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे दुष्काळी गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातील काम सोडून १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख हा विषय तयार केला आणि राज्याच्या शालान्त परीक्षा मंडळाने त्याला मान्यता दिली. त्याची मांडणी साधी आहे. कामांचे चार गट: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, गृह आणि आरोग्य, शेती आणि पशुपालन. आठवड्याचा एक दिवस या कामाचा. शिकवायला गावचेच कारागीर. प्रत्येक मूल, मग मुलगा असो की मुलगी, चारही गटांतून जाते. वेल्डिंगही करते आणि रोपेही लावते.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की मुले खोटे काम करीत नाहीत. शाळेचे बाक दुरुस्त करतात, विजेची जोडणी करतात, शेतकऱ्याची माती तपासून देतात. ज्याचे काम केले तो माणूस समोर असतो. बाक डुगडुगला तर तो सांगतो. ज्या कामाला गिऱ्हाईक आहे त्या कामात लबाडी फार काळ चालत नाही, हे कारखान्यातही खरे आणि शाळेतही. पुढे २००२ साली याच आश्रमात अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली. संगणकावर चित्र काढावे आणि यंत्राने ते कापून द्यावे, अशी ही कार्यशाळा. रंधा आणि संगणक यांचे वैर नाही, हे तेथे पाहायला मिळते. संगणकालाही आधी वस्तूची तीन चित्रेच सांगावी लागतात. म्हणजे पुन्हा आमची साबणाची वडी.

आता सरकारनेही हे तत्त्व मान्य केले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम अशा कामांचा प्रत्यक्ष अनुभव द्यावा आणि दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे पाठवावे, असे लिहिले आहे. कला आणि विज्ञान, अभ्यासाचे आणि अभ्यासाबाहेरचे, असे कडक कप्पे नसावेत असेही त्यात आहे. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने या तीन वर्षांत नऊ प्रकल्प सांगितले: सजीवांबरोबरचे काम, यंत्र व वस्तूंचे काम आणि माणसांच्या सेवेचे काम, दरवर्षी प्रत्येकी एक. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना चालू आहे. तिच्यात निवडलेल्या शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते. कागद चांगला आहे. पण कागद नई तालीमचाही चांगला होता. म्हणून या वेळी नुसते सरकारकडे पाहत बसू नये, असे आम्हाला वाटते.

तीन वर्षे, सहा गट

आपल्या गावात हे कसे बसवता येईल? आम्ही एक हिशेब मांडतो. शिक्षक मंडळींनी तो सुधारावा. सहावी ते आठवी म्हणजे तीन वर्षे, म्हणजे सहा सहामाह्या. कामांचेही सहा गट करावे: चित्र आणि माती, लाकूड, लोखंड आणि मोजमाप, वीज आणि संगणक, संगीत आणि नाट्य, शिवण, स्वयंपाक आणि आरोग्य, शेती आणि रोपवाटिका. दर सहामाहीस एक गट. सुट्ट्या, परीक्षा वजा जाता सहामाहीत पंधरा-सोळा आठवडे हाती राहतात. आठवड्यास जोडून दोन तासिका धरल्या तर एका गटाला तीस-बत्तीस तासिका मिळतात. तासिका जोडूनच हव्यात, कारण हत्यारे काढण्यात आणि जागच्या जागी ठेवण्यातच एकट्या तासिकेचा निम्मा वेळ जातो. तीन वर्षांत मूल सहाही गटांतून जाईल. मग नववीच्या दारात त्याला विचारावे, तुला काय घ्यायचे? त्या वेळी त्याच्या तोंडून येईल ते उत्तर त्याचे स्वतःचे असेल.

तीस तासिकांत कोणी कारागीर होत नाही, हे आम्हाला कळते. कारागीर करायचाच नाही. चार गोष्टी झाल्या तरी पुष्कळ झाले. मुलाने एक तरी वस्तू किंवा प्रयोग आरंभापासून शेवटपर्यंत स्वतः करावा. ती करताना मोजावे; मग ते मोजणे गुण्याने असो, तालाने असो की तराजूने. एकदा चुकून पुन्हा करावे. आणि शेवटी चार माणसांपुढे ठेवून, का असे केले ते सांगावे. यातली तिसरी गोष्ट आम्ही सर्वांत मोलाची मानतो. परीक्षेत चुकले की गुण जातात आणि विषय संपतो. लाकूड आखूड कापले गेले तर विषय तेथे सुरू होतो: आता याचे काय करायचे?

साधनांसाठी पाटणला कोणाच्या तोंडाकडे पाहण्याची गरज नाही. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे पोफळीला नेऊन १९६२ पासून वीज होत आहे. सर्व मिळून कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. एवढ्या विजेच्या सावलीत वाढणाऱ्या आपल्या मुलाला बंद पडलेला पंखा उघडून पाहण्याची मुभा मात्र नसते. बुरूड मंडळींच्या हाती बांबूची कला आहे. भातलावणीला लागणारे इरले एका मापात कसे विणावे यात भूमितीचा एक अख्खा धडा आहे. मोटार दुरुस्त करणारे, मोबाइल उघडणारे, शिवणाऱ्या बाया, भजनी मंडळातले पखवाजी, हे सारे आपल्या बाजारपेठेत हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांना शाळेत सन्मानाने बोलवावे आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्यावेत. फुकट बोलावू नये. युनियनवाला म्हणून एवढे आम्ही आग्रहाने सांगतो. ज्या कामाचे मोल शाळा देत नाही, त्या कामाला मुलेही मोल देत नाहीत.

पालकांच्या शंका

पहिली शंका: यात वेळ गेला तर अभ्यासाचे काय? आठवड्याच्या दोन तासिकांनी गणित बुडत नाही. उलट अपूर्णांक न समजणारी मुले फूटपट्टीवर इंचाचे आठ भाग मोजताना ते समजून घेतात, हे कोणत्याही सुतारकामाच्या शिक्षकाला विचारून पाहावे.

दुसरी शंका: हत्यार लागले तर? लागेल, कधी तरी बोट कापेल. म्हणूनच हत्यार कसे धरावे, डोळ्यावर चष्मा केव्हा लावावा, चालू विजेला हात का लावू नये, हे बाराव्या वर्षी मोठ्या माणसाच्या देखत शिकलेले बरे. कारखान्यात झालेल्या अपघातांची कागदपत्रे आम्ही अनेकदा हाताळली. त्यांत नव्याने लागलेल्या पोरांची नावे किती तरी वेळा येतात. ज्या हाताला हत्याराची ओळख नसते, तोच हात आधी जातो.

तिसरी शंका: चित्र काढून, गाऊन पोट भरते काय? चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा आपल्याकडे पुष्कळ मुले देतात, आणि आता त्या दहावीच्या वाढीव गुणांसाठीही दिल्या जातात. गुण मिळोत; पण चित्राचा खरा उपयोग तो नव्हे. चित्र काढणारा मुलगा आधी नीट पाहायला शिकतो. नाटकात उभी राहिलेली मुलगी दहा माणसांत बोलायला शिकते. आमच्या चळवळीत आम्ही असे उत्तम कामगार पाहिले, ज्यांची बाजू शंभर टक्के खरी होती, पण साहेबांपुढे तोंड उघडले नाही म्हणून ते हरले. त्यांना शाळेत एकदा तरी रंगमंचावर उभे केले असते तर!

आपल्या पाटणचे बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या घरांतील मुलांना फीची सवलत मिळाली आणि शाळा-कॉलेजचे दार आमच्यासारख्यांच्या घरांना उघडले. त्या पिढीने दार उघडले. दाराच्या आत मुलाला काय मिळते, हे पाहणे आपल्या पिढीचे काम आहे.

म्हणून जाताना तीन गोष्टी मागतो. ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत एवढेच विचारावे की, सहावी ते आठवीच्या वेळापत्रकात कलेचा आणि कामाचा तास कोणता, आणि त्या तासाला खरोखर काय चालते. ज्यांच्या हातात कसब आहे त्यांनी आठवड्याची एक दुपार शाळेसाठी ठेवावी. आणि घरी मूल काही वेडेवाकडे करून घेऊन आले, तर किती गुण मिळाले हे विचारू नये. कसे केलेस, एवढे विचारावे आणि ते सांगत असताना ऐकावे.